हौस दुरुस्तीला येते तेव्हा

माझ्या दुकानात येणारी वस्तू दोनपैकी एका कारणाने बिघडलेली असते. एक तर ती फार वापरलेली असते, नाहीतर अजिबात वापरलेली नसते. गिऱ्हाईक काउंटरवर पिशवी ठेवून "चालता चालता बंद पडला हो" एवढंच सांगतं. पण मिक्सर उलटा करून खालचे स्क्रू काढले की खरी हकिकत समोर येते. कार्बन झिजून नखाएवढे उरलेत, कम्युटेटरवर काळे चर पडलेत, कडेकपारीत हळद-तिखटाचं किटण बसलंय, म्हणजे हा मिक्सर रोज राबलाय. उलट कार्बन कोरे करकरीत, वाइंडिंगचं वॉर्निश अजून चमकतंय आणि बेअरिंग मात्र गंजून जाम, म्हणजे हा लॉफ्टवर पडून होता आणि पाहुणे येणार म्हणून काल खाली उतरला. यातलं मी काही बोलून दाखवत नाही. फक्त विचारतो, "ताई, हा रोजचा आहे का ठेवणीतला?"

कोथरूडमधल्या एका आतल्या रस्त्यावर माझं दुकान आहे. आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला, मग बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास एका उस्तादांच्या हाताखाली मोटारी भरायला शिकलो. पाटीवर 'सर्व प्रकारची गृहोपयोगी उपकरणे दुरुस्त करून मिळतील' असं लिहिलंय, पण भागात सगळे मला मिक्सरवाला म्हणूनच ओळखतात. या कामात एक जास्तीचं ज्ञान आपोआप मिळत गेलं. कुठल्या काळात लोकांना काय करून बघावंसं वाटलं, त्यातलं काय टिकलं आणि जे टिकलं नाही ते कशापायी, हे सगळं माझ्या टेबलावर येऊन पडतं. त्यावरून माझं एक मत पक्कं झालंय. लोक म्हणतात, 'आमचा उत्साह चार दिवसांचा.' मला तसं दिसत नाही. हौस आळसाने फार क्वचित मरते. ती अडचणीने मरते, आणि ती अडचण बहुतेक वेळा अगदी क्षुल्लक असते.

मिक्सरचंच बघा. आज त्याला कुणी हौस म्हणणार नाही, पण एके काळी तोही नवलाईचाच होता. परदेशी मिक्सर फळांच्या रसाच्या आणि मिल्कशेकच्या हिशोबाने बनलेले. आपली सुकी हळकुंडं, ओला नारळ, भिजवलेली हरभऱ्याची डाळ त्यांना पेलायची नाही. सीमेन्समध्ये इंजिनिअर असलेल्या सत्यप्रकाश माथुर यांनी आपल्या वाटणाला पुरून उरेल अशी मोटार घालून मिक्सर बनवला आणि १९६३ साली 'सुमीत' आला. उस्तादांकडे जुना सुमीत दुरुस्तीला आला की ते आधी त्याला हात जोडायचे, मग पाना लावायचे. घरोघरच्या आज्या मात्र पुढची कित्येक वर्षं 'पाट्यावरच्या चटणीची सर नाही' असंच म्हणत राहिल्या, आणि त्यात तथ्य होतं. पाट्यावर मिरची-खोबरं रगडलं जातं. मिक्सरचं पातं ते कापत सुटतं, आणि त्या वेगात वाटण गरमही होतं. तरी मिक्सर टिकला, कारण घरातलं रोजचं आणि सगळ्यात कंटाळवाणं काम त्याने अंगावर घेतलं आणि ओट्यावर, प्लगच्या शेजारी जागा धरून बसला.

पण ओट्यावरचा मिक्सरही किती थोडक्यासाठी लॉफ्टवर जातो ते मी रोज बघतो. भांडं जिथे बसतं तिथे एक दातेरी चकती असते, कपलर. ती मुद्दाम प्लॅस्टिकची किंवा रबराची केलेली असते. भांड्यात काही अडकलं तर तिचे दाते तुटावेत आणि मोटार वाचावी, हा त्यामागचा विचार. घरातल्या फ्यूजचं काम ती करते. किंमत म्हणाल तर दोघांच्या चहा-वडापावाइतकी. पण ती काढायची कशी हे माहीत नसलं की माणूस तासभर झटतो, कारण बऱ्याच मिक्सरांत तिचे आटे उलटे असतात. खालून शाफ्ट स्क्रू ड्रायव्हरने अडवून धरायचा, वर कपलरच्या दाताला पेचकस टेकवायचा आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हलका ठोका द्यायचा. बसलेला कपलर कट्‌कन सुटतो. नवा हाताने फिरवून बसवला की पुरे, मोटार सुरू झाली की तो आपला आपण आवळला जातो.

हे मी गिऱ्हाइकाच्या समोर करतो. तळाशी असलेलं ओव्हरलोडचं लाल बटणही दाखवतो. मोटार तापली की ते बाहेर येतं, आणि 'जळला' म्हणून आणलेल्या कित्येक मिक्सरांचं दुखणं ते बटण आत दाबण्यापलीकडे काही नसतं. पाच मिनिटं चालवला तर दोन मिनिटं थांबा, हेही सांगतो. उस्ताद म्हणायचे, "सगळं दाखवलंस तर खाशील काय?" पण माझा अनुभव उलटा आहे. ज्याला वस्तू आतून कळते तो ती वापरतो, आणि वापरणारा माणूस पुन्हा माझ्याकडे येतोच.

२५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली आणि दुकानाचं शटर खाली आलं. २८ मार्चपासून दूरदर्शनवर 'रामायण' पुन्हा सुरू झालं आणि सकाळी नऊ वाजता आमच्या सोसायटीत घराघरांतून एकच आवाज येऊ लागला. दिवसाचा बाकीचा वेळ कसा घालवायचा हा प्रश्न होता. हॉटेलं बंद, बेकऱ्यांचा भरवसा नाही, मावशींना सोसायटीत प्रवेश नाही. मग लोकांनी हाताला लागेल ते करून बघितलं. सगळ्यात आधी ती डाल्गोना कॉफी. इन्स्टंट कॉफी, साखर आणि गरम पाणी सारख्या प्रमाणात घ्यायचं आणि फेस घट्ट होईपर्यंत घोटत राहायचं. हाताने घोटून दंड भरून आले तशी लोकांनी, ऑनलाइन मागवण्याची सोय पुन्हा सुरू झाल्याबरोबर, हँड बीटर मागवले.

त्या बीटरांची पुढची गोष्ट मला फार आवडते. डाल्गोना आली तशी गेली. मागवलेल्या बीटरांपैकी काही खोक्यातच राहिले असणार. पण माझ्याकडे आले ते चांगले घासून आले. गिअर झिजलेले, बटणाच्या फटीत पांढरं वाळलेलं काहीतरी. विचारलं तर कुणी ताक घुसळत होतं, कुणी श्रीखंडाचा चक्का फेटत होतं, एकीने तर बाळासाठी वरण-भात मऊ करायला तोच ठेवला होता. म्हणजे कोरियातून आलेल्या कॉफीच्या निमित्ताने घरात शिरलेल्या वस्तूला घराने आपलं काम लावून दिलं. कंपनीच्या माहितीपत्रकात ताकाचा उल्लेखही नसतो. पण ज्या घरात तो ताकाला लागला तिथे तो ओट्यावर राहिला.

ओव्हनची गत निराळी. टाळेबंदीत केक शिकलेल्या एक काकू आपला ओटीजी घेऊन आल्या. "वरून करपतो, आतून कच्चा राहतो. माझं मनच उडालंय, दुरुस्त करा, विकून टाकते." मी रॉड तपासले, थर्मोस्टॅट तपासला, टायमर तपासला. सगळं ठीक. म्हटलं, काकू, घरी येऊन बघतो. स्वयंपाकघरातला एकुलता एक पॉवर पॉइंट फ्रिजने अडवलेला. म्हणून ओव्हन हॉलमध्ये, टीव्हीखालच्या कप्प्यात, छोट्या प्लगवर, मध्ये कन्व्हर्टर लावून. तो कन्व्हर्टर काढला तर पिना तपकिरी पडलेल्या आणि प्लॅस्टिक एका बाजूला वितळलेलं.

इथे हिशोब सोपा आहे. छोटा प्लग ६ अँपिअरचा. २३० व्होल्टला ६ अँपिअर म्हणजे १३८० वॅट. काकूंचा ओव्हन त्याहून बराच जास्त ओढणारा. सैल, तापलेल्या जोडावर व्होल्टेज पडायचं, ओव्हन तापायला वेळ लागायचा, काकू वैतागून दोन्ही रॉड लावून तापमान वाढवायच्या आणि केक वरून काळा व्हायचा. शिवाय संध्याकाळी मालिका सुरू झाली की टीव्हीपुढे केकची लुडबुड कुणाला नको असायची, म्हणून बेकिंगची वेळ दुपारची. दुपारी काकूंना झोप. अशा चहूबाजूंच्या कात्रीत कुणाचंही मन उडेल. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला सांगून मीटरबोर्डपासून जाड तांब्याच्या वायरीची वेगळी लाइन ओढून घेतली, तिला स्वतंत्र एमसीबी, १६ अँपिअरचा सॉकेट ओट्याच्या वर, आणि भिंतीला एक मजबूत मांडणी. विकायला निघालेल्या ओव्हनमध्ये आता काकू शेजारच्या मुलांचे वाढदिवसाचे केक करतात.

तेव्हापासून कुणी नवीन वस्तू घेण्याआधी फोन करून "किती वॅटचा घेऊ?" असं विचारलं की मी आधी माझे प्रश्न विचारतो. ठेवणार कुठे? प्लग कुठला? धुणार कोण? लोकांना तिसरा प्रश्न सगळ्यात फालतू वाटतो, पण फूड प्रोसेसर खाऊन टाकतो तो हाच. कणीक त्यात झटकन मळली जाते, वाद नाही. पण मोठं भांडं, झाकण, पातं, मधला दांडा, सगळ्यांच्या खाचांत कणीक अडकते आणि ती वाळली की घासायला टूथब्रश लागतो. ज्या बाईच्या हाताला रोजच्या पोळ्यांची सवय आहे तिची परातीत मळलेली कणीक एवढ्या वेळात तेल लावून झाकूनही होते. तोच प्रोसेसर गाजर हलव्याच्या दिवसांत किसणीसाठी मात्र मानाने खाली उतरतो. तिथे घासण्याच्या कष्टांपेक्षा वाचलेले कष्ट मोठे असतात.

ओव्हनमुळे मलाही एक हौस लागली. दुरुस्त केलेला ओव्हन नुसता तापला म्हणजे झालं असं नसतं, तो सगळीकडे सारखा तापतोय का हे बघावं लागतं. त्यासाठी मी ट्रेमध्ये ब्रेडचे स्लाइस एकाला एक लावून पसरतो आणि आत सरकवतो. थोड्या वेळाने ट्रे बाहेर काढला की नकाशा तयार असतो. मागच्या डाव्या कोपऱ्यातला स्लाइस काळपट, मधले सोनेरी, दाराजवळचे फिके. आतली कुठली बाजू तिखट आणि कुठली मवाळ ते गिऱ्हाइकाला दाखवून सांगतो, की ट्रे अर्ध्या वेळाने फिरवत जा. हे करता करता वाटलं, आयत्या ब्रेडऐवजी घरचंच काही का भाजू नये? आणि मी लादी पाव करायला लागलो.

पावाने मला एक गोष्ट शिकवली जी मोटारींनी शिकवली नव्हती, ती म्हणजे घड्याळाकडे न बघणं. पुण्यात एप्रिलमध्ये पीठ इतक्या झपाट्याने फुगतं की चहा प्यायला बसावं तर ते भांड्याबाहेर येतं. डिसेंबरात तेच पीठ तासन्‌तास ढिम्म. पाककृतीत 'एक तास झाकून ठेवा' असं लिहिलेलं असतं, तो तास लिहिणाऱ्याच्या स्वयंपाकघरातला असतो. मी आता बोटाने दाबून बघतो. खळगा सावकाश भरून येत असेल तर ट्रे आत जायला तयार. भाजल्यावर वरून लोण्याचा हात फिरवायचा आणि लादी फडक्याखाली झाकायची, म्हणजे कवच मऊ राहतं. मुलगी म्हणते, "बाबा, गिऱ्हाइकांच्या ओव्हनवर तुमची शिकवणी चाललीये." चालू दे. ओव्हन घ्यायला येणाऱ्याला ट्रेमधला गरम पाव हातात दिला की दुरुस्तीची पावती वेगळी द्यावी लागत नाही.

माझी आई हे बघून हसते. तिच्या लहानपणी ओव्हन घरी नसायचा, पण भाजणं होतंच. दिवाळीआधी किंवा मे महिन्याच्या सुट्टीत मैदा, रवा, तूप, पिठीसाखर डब्यांत भरून बेकरीत न्यायची, तिथेच नानकटाया वळायच्या आणि पत्र्याच्या ट्रेमध्ये लावून भट्टीत द्यायच्या. रांगेत नंबर लावावा लागे. केक व्हायचा तो कुकरमध्ये, तळाशी वाळू किंवा मीठ घालून, शिट्टी काढून. आईचं म्हणणं, "आम्हाला यंत्राची हौस नव्हती, खाण्याची होती. यंत्र शेजारच्याचंही चालायचं." तिच्या बोलण्यातलं हे शेजारचं यंत्र माझ्या डोक्यात घर करून राहिलं.

टीव्हीवरच्या पाककृतींच्या कार्यक्रमांनीही या हौसेला हातभार लावला. १९९३ मध्ये झी टीव्हीवर संजीव कपूर यांचा 'खाना खजाना' सुरू झाला, पुढे झी मराठीवर 'आम्ही सारे खवय्ये' आला. त्या काळात आई टीव्हीपुढे वही घेऊन बसायची. साहित्य पडद्यावर यायचं आणि सगळं उतरवून होण्याआधी निघून जायचं, मग उरलेलं शेजारणीला विचारून पूर्ण करायचं. या धावपळीत पदार्थ आपोआप घरगुती व्हायचा. चीज नाही तर पनीर, ओव्हन नाही तर तवा. एखाद्या पदार्थासाठी कुणी यंत्र विकत आणलंय असं माझ्या ऐकिवात नव्हतं.

आता व्हिडिओ थांबवून, मागे नेऊन बघता येतो, आणि बघता बघता त्यातलं यंत्र मागवताही येतं. पदार्थ अजून मनात नीट ठरलेलाही नसतो आणि खोकं दारात हजर. गंमत म्हणजे व्हिडिओत काम झटपट होतं ते यंत्रामुळे नव्हेच. भाजी आधीच चिरलेली असते, वाट्या मांडून ठेवलेल्या असतात आणि भांडी घासताना कॅमेरा बंद असतो. हे मी एका नवविवाहित जोडप्याला सांगितलं तर मुलगा म्हणाला, "म्हणजे दादा, आम्ही घासणारा माणूस मागवायला हवा होता."

एअर फ्रायर हे याच वाटेने घरात आलेलं यंत्र. वर तापणारी कॉइल, तिच्यावर पंखा आणि खाली जाळीची टोपली, एवढाच त्याचा संसार. म्हणजे तो एक लहान, जोरदार वाऱ्याचा ओव्हन आहे. लोक पहिल्या दिवशी त्यात कांदाभजी करायला जातात. पातळ पिठाला गरम तेलात पडल्या पडल्या कवच धरतं, वाऱ्यात धरत नाही. पीठ जाळीतून ओघळतं, खाली करपतं, धूर होतो आणि फ्रायर माझ्याकडे येतो. मी टोपली खरवडून देतो आणि विचारतो, "अळूवडी करता का?" उकडलेली अळूवडी किंवा कोथिंबीरवडी कापून, तेलाचं बोट फिरवून त्यात ठेवली की कडा अशा कुरकुरीत होतात की तळणीच्या कढईची आठवण येऊ नये. ज्यांना हे सापडलं त्यांच्याकडे फ्रायर टिकला.

इंडक्शनचंही तसंच. त्याला सपाट बुडाचं आणि चुंबक चिकटेल असं भांडं लागतं. नेहमीचा ॲल्युमिनियमचा कुकर ठेवला की ती शेगडी नुसती पिप् पिप् करते आणि घरातले म्हणतात, बिघडली. मी काउंटरवर फ्रिजवर लावायचं एक चुंबक ठेवलंय, ते बरोबर देतो आणि सांगतो, घरातली भांडी उलटी करून बघा, चिकटेल ते चालेल. दुसरा मोठा शत्रू झुरळ. महिनोन्‌महिने कोपऱ्यात पडलेल्या शेगडीत पंख्याच्या जाळीतून झुरळं शिरतात, सर्किटवर घर करतात आणि चालू करताच आतला आयजीबीटी नावाचा भाग उडतो. रोज वापरातल्या शेगडीत हा प्रकार मी फार कमी पाहिलाय. पडून राहणं हे यंत्राला राबण्यापेक्षा जास्त बाधतं.

यावर कुणी म्हणेल, मग लॉफ्टवर जाणारी प्रत्येक वस्तू फुकट गेली का? अजिबात नाही. आपल्या घरात पुरणयंत्र असतं, चकलीचा सोऱ्या असतो, मोदकाचा साचा असतो. होळी, पोळा, दिवाळी, गणपती, एवढेच त्यांचे दिवस. उरलेलं वर्ष ती फडक्यात गुंडाळून वर असतात. 'मी सोऱ्या घेतला पण वापरतच नाही' असं म्हणून खंतावलेली बाई मला आजवर भेटलेली नाही. त्या वस्तूंना तिथी आहे. तिथी आली की त्या खाली येतात, घासून-पुसून कामाला लागतात आणि पुन्हा वर जातात. नव्या वस्तूंचं दुखणं हे की त्यांना तिथी नाही, म्हणून त्यांनी रोज वापरात असावं अशी आपण उगाच अपेक्षा करतो. एका घरात मी बघितलं, ओव्हन नाताळात आणि मुलांच्या परीक्षा संपल्यावर, एवढ्याच वेळी निघतो. पण निघतो म्हणजे निघतोच.

तिथीचा हा गुण स्वयंपाकघराबाहेरही चालतो. बँकेतून निवृत्त झालेले एक आजोबा कराओकेचा माइक घेऊन आले. चार्ज होत नव्हता. लिथियमची बॅटरी रिकामी होऊन बरेच महिने तशीच राहिली तर ती पुन्हा उठत नाही. बॅटरी बदलून दिली, तर काही महिन्यांनी तेच दुखणं. म्हणाले, "एकट्याने भिंतीकडे बघून किती गाणार?" पुढे त्यांच्यासारखे निवृत्त लोक जमून दर गुरुवारी एका सोसायटीच्या हॉलमध्ये गायला लागले. आता त्यांचा माइक येतो तो जाळी चेपली म्हणून, नाहीतर बटण झिजलं म्हणून. बॅटरी ठणठणीत असते, कारण बुधवारी रात्री ते न चुकता चार्जिंगला लावतात.

काही वेळा हौस हौसेच्या बाहेर जाते. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. तेव्हा नाचणी, राळं, वरई यांच्या पदार्थांचा चांगलाच बोलबाला झाला आणि घरघंट्यांच्या चौकश्या वाढल्या. बऱ्याच घंट्या पुढे पीठ न झटकता झाकून ठेवल्यामुळे किडे होऊन माझ्याकडे आल्या. पण एका ताईंची घंटी येते ती जाळी झिजून. घरापुरतं दळण करता करता त्यांनी इमारतीतल्यांना उपासाची भाजणी दळून द्यायला सुरुवात केली, मग थालीपिठाची, मग नाचणीसत्त्व. त्या आता जाळ्यांचे नंबर माझ्यापेक्षा अचूक सांगतात. त्यांना विचारलं, बाकीच्यांची का थांबली? म्हणाल्या, "त्यांनी घंटी बाल्कनीत ठेवली. पाऊस आला की झाकायची, ऊन आलं की तापायची. मी पलंग सरकवला आणि घंटी खोलीत घेतली." पलंग सरकवायची तयारी असली की पुढचं सगळं सोपं असतं.

या सगळ्याचा माझ्या धंद्यावर परिणाम झालाय. हल्ली दुकानात एक फळी मी मोकळी ठेवलीये. ज्यांची हौस संपली त्यांची चालू स्थितीतली वस्तू मी तपासून तिथे ठेवतो. ज्यांना नुसतं करून बघायचंय ते ती महिनाभर घेऊन जातात. जमलं तर ठेवतात आणि मूळ मालकाला ठरलेले पैसे देतात, नाही जमलं तर पुसून परत आणतात. आईच्या नानकटाईच्या भट्टीचीच ही दुसरी तऱ्हा. सोडून देणाऱ्यांना यात लाज वाटत नाही, उलट ते हुशारीने सांगतात की ट्रे कसा फिरवायचा आणि भजीच्या नादी का लागू नये. नव्याने घेणाऱ्याला यंत्राबरोबर हे ज्ञान फुकट मिळतं, जे खोक्यातल्या कागदावर कधीच नसतं.

परवा एक कॉलेजची मुलगी वेट ग्राइंडरबद्दल विचारायला आली. कोइमतूरच्या वेट ग्राइंडरला भौगोलिक मानांकन आहे, हे तिने कुठेतरी वाचलं होतं आणि तिला घरी डोसे करायचे होते. फळीवर एक होता. दगड चांगला, बेल्ट मी नवीन घातलेला. तिने वजन उचलून बघितलं आणि विचारलं, "काका, वापरला जाईल ना हो माझ्याकडून?" मी म्हटलं, "ते मला नाही माहीत. पण तो ओट्यावर मावेल का, आधी मोजून ये. आणि शनिवारी भिजवायचं, रविवारी वाटायचं, असा एक वार ठरवून टाक." ती मोबाइलमध्ये दगडाखालच्या बैठकीची लांबी-रुंदी टिपून घेऊन गेली. मावला नाही तर घेऊ नकोस, असंही मी तिला सांगितलंय. डोसे मिक्सरमध्ये वाटूनही होतात.